पत्रकावर क्यूआर छापताय? आधी तो उलगडून वाचा

खुंटी

वर्गणीची पावती, कार्यक्रमपत्रिका, लग्नपत्रिका, सोसायटीचा सूचनाफलक, सगळीकडे आता क्यूआर कोड लागतो. बहुतेक जण शोधयंत्रात दोन शब्द टाकतात, वर येईल ती साइट उघडतात, दुवा चिकटवतात आणि आलेलं चित्र उचलून प्रेसला पाठवतात. पत्रकं वाटून होतात आणि मग त्याच कोडावर ‘मोफत मुदत संपली, सदस्यत्व घ्या’ असं पान उघडायला लागतं. गणपतीच्या तोंडावर हा प्रश्न दरवर्षी येतो, म्हणून सगळं एका धाग्यात.

कोड म्हणजे चौकोनांत लिहिलेला मजकूर, बाकी काही नाही. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार झाला. पेटंट असूनही प्रमाणित कोड वापरणाऱ्यांकडून कंपनीने पैसे मागितले नाहीत. त्यामुळे ‘आमच्याकडे कोड मोफत’ असं कोणी लिहिलं तर ते काही उपकार करत नाहीत. चित्राला स्वतःची मुदतही नसते. ‘कोड एक्स्पायर झाला’ याचा अर्थ एवढाच, की आतला पत्ता तुमचा नव्हताच.

साध्या, म्हणजे स्टॅटिक कोडात तुम्ही दिलेला मजकूर जसाच्या तसा असतो. डायनॅमिक कोडात साइटवाल्यांचा आखूड दुवा असतो. स्कॅन करणारा आधी त्यांच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून तुमच्या पानावर ढकलला जातो. त्यांनी दार बंद केलं, मध्ये जाहिरात घातली किंवा पत्ताच बदलला, तर छापलेल्या कागदावर तुमचा काही इलाज चालत नाही.

ओळखायचं कसं? फोनचा कॅमेरा कोडावर धरा, पत्ता दिसला की लगेच टिचकी मारू नका. दिसणारा पत्ता अक्षर न् अक्षर तुम्ही दिलेलाच हवा. काही कॅमेरे फक्त डोमेन दाखवतात. तेव्हा पत्ता कॉपी करून टिपणवहीच्या अ‍ॅपमध्ये चिकटवा. आणखी एक खूण: तुम्ही शंभर अक्षरांचा दुवा दिला आणि कोड मात्र विरळ, मोठ्या ठिपक्यांचा आला, तर आत आखूड दुवा आहे. ‘किती जणांनी स्कॅन केलं ते मोजून देऊ’ असं साइट म्हणत असेल तर कोड डायनॅमिकच. साध्या कोडाला मोजता येत नाही.

दुसरी तपासणी, मजकूर त्यांच्या सर्व्हरवर जातो का? खासगी विंडोत साइट उघडा, पूर्ण लोड होऊ द्या, मग विमान मोड लावा आणि कोड बनवा. बनला तर काम ब्राउझरमध्येच होतंय. नेट परत सुरू करण्याआधी विंडो बंद करा, नाहीतर मागाहून पाठवायला वाव राहतोच. संगणकावर असाल तर डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा ठेवून बटण दाबा, यादीत नवी ओळ वाढली तर काहीतरी बाहेर जातंय. सार्वजनिक दुव्यासाठी एवढा खटाटोप नको, पण वायफायचा पासवर्ड किंवा कोणाचा संपर्क-तपशील टाकताना करावा.

भर घाला.

शाईपट्टी

छपाईच्या बाजूने सांगतो. निम्मे ‘कोड चालत नाही’ हे आतल्या मजकुरामुळे नसतात, मांडणीमुळे असतात.

कोडाभोवती चारही बाजूंनी चार-चार ठिपक्यांएवढी कोरी जागा लागते. डिझायनरला ती वाया गेलेली वाटते, मग तो तिथे वेलबुट्टी सरकवतो. कोड कुठे सुरू होतो हे फोनला त्या कोऱ्या जागेवरूनच कळतं.

साइटवरून एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी कडा न बिघडणारं चित्र) किंवा पीडीएफ घ्या. पीएनजीच मिळत असेल तर हजार पिक्सेलच्या वरची घ्या. फोटो म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला कोड प्रेसला देऊ नका. दाबून पाठवलेल्या चित्रात कडा धुरकट होतात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

चार रंगांच्या छपाईत कोड फक्त काळ्या प्लेटवर घ्या, १०० टक्के काळा, बाकी तीन रंग शून्य. चारही रंग मिसळून केलेला काळा पडद्यावर छान दिसतो, पण प्लेट केसभर सरकली की प्रत्येक ठिपक्याला रंगीत झालर येते.

आकार: ठोकताळा म्हणजे अंतराचा दहावा भाग. हातातल्या पत्रकाला अडीच सेंटीमीटर पुरतात. मंडपाच्या फ्लेक्सवरचा कोड तीन मीटरवरून स्कॅन व्हावा असं वाटत असेल तर बाजू ३० सेंटीमीटर हवी. तिथे दहा सेंटीमीटरचा कोड लावून लोकांना बॅरिकेडवर ओणवं करायचं, हे दर वर्षी दिसतं.

जमाखर्च

वर्गणीच्या यूपीआय कोडाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तिथे ऑनलाइन साधन वापरायची मुळात गरजच नाही. मंडळाच्या किंवा संस्थेच्या नावाच्या खात्याला बँक किंवा पेमेंट अ‍ॅप स्वतःच कोड देतं. तोच उतरवून घ्या.

आत काय असतं ते माहीत असलेलं बरं. सुरुवात ‘यूपीआय’ आणि ‘पे’ने, मग खणांची रांग. ‘पीए’ म्हणजे पैसे जाणारा यूपीआय आयडी, ‘पीएन’ म्हणजे दाखवायचं नाव, ‘एएम’ म्हणजे रक्कम, ‘टीएन’ म्हणजे टीप, ‘सीयू’ म्हणजे चलन. पैसे कुठे जाणार ते फक्त पहिला खण ठरवतो. ‘पीएन’मध्ये कोणीही काहीही टाइप करू शकतो. ‘अमुक तमुक सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ’ असं लिहून आयडी भलत्याचाच ठेवणं अगदी सोपं आहे. म्हणूनच यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ३० जून २०२५ पासून यूपीआय अ‍ॅपांना पैसे भरण्याआधी बँकेच्या नोंदीतलं नावच दाखवायला सांगितलं आहे. ते नाव वाचा. फलकावर छापलेलं नाव हा पुरावा नाही.

रक्कम कोडात घालू नका. ‘एएम’ भरलेला असेल तर बरीचशी अ‍ॅप रक्कम बदलू देत नाहीत. ५०१ चा कोड छापला की १,००१ देणाऱ्याची अडचण.

व्यापारी खात्याच्या काही कोडांत शेवटी डिजिटल सही असते. असा कोड उलगडून त्यातलं नाव मराठीत करावं आणि नवा कोड बनवावा, असला उद्योग करू नका. एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही आणि अ‍ॅप इशारा देतं किंवा व्यवहार नाकारतं. सुशोभित चौकट हवी तर कोडाच्या बाहेर, कोऱ्या जागेच्याही बाहेर.

आणि हे पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणार असेल तर यूपीआय आयडी अक्षरांतही छापा. गॅलरीतल्या चित्रावरून कोड वाचून पैसे पाठवताना काही वेळा २,००० रुपयांची मर्यादा लागते. मोठी देणगी तिथेच अडते आणि देणाऱ्याला वाटतं मंडळाचंच खातं बिघडलं.

पाटीपेन्सिल

दोन शंका. एकच दुवा तीन साइटवर टाकला, तिन्ही कोड वेगळे दिसले. कोणीतरी आत काही मिसळलं असं समजायचं का? दुसरं, ग्रंथालयाच्या फलकासाठी अख्खी सूचनाच मराठीत कोडात घालायची आहे, म्हणजे नेट नसलेल्यालाही वाचता येईल. चालेल का?

धुंडाळ्या

पहिलीचं उत्तर: नाही, वेगळे दिसणं स्वाभाविक आहे. काळे-पांढरे ठिपके सारखे पसरावेत म्हणून मजकुरावर आठपैकी एक नक्षी चढवली जाते, तिला मास्क म्हणतात. साधनं वेगवेगळा मास्क निवडू शकतात. शिवाय त्रुटी-दुरुस्तीच्या, म्हणजे कोडाचा किती भाग खराब झाला तरी तो वाचता येईल याच्या, चार पातळ्या आहेत: एल सुमारे ७ टक्के, एम १५, क्यू २५, एच ३०. पातळी बदलली की चित्र बदललं. चित्रांची तुलना करूच नका, उलगडलेल्या मजकुराची करा.

दुसरीत मात्र अडचण आहे. कोडाचे ४० आकार आहेत. सर्वांत लहान २१ गुणिले २१ ठिपक्यांचा, सर्वांत मोठा १७७ गुणिले १७७ चा. सर्वांत मोठ्यात, सर्वांत कमी दुरुस्तीवर, २,९५३ बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला यूटीएफ-८ या नेहमीच्या संकेतपद्धतीत तीन, आणि तेही प्रत्येक काना, मात्रा, हलन्ताला वेगळे. ‘गणेशोत्सव’ हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो. संगणकाला त्यात नऊ चिन्हं दिसतात, म्हणजे २७ बाइट. हिशेबाने सर्वांत मोठ्या कोडातही देवनागरीची ९८४ चिन्हंच बसतात, आणि एवढा दाट कोड साध्या छापील कागदावरून वाचायला चांगला कॅमेरा आणि स्थिर हात लागतो. व्यवहारात २०० बाइटच्या पुढे जाऊ नये. मराठीत म्हणजे ६०-६५ चिन्हं, जेमतेम दोन ओळी. सूचना कागदावरच छापा.

देवनागरी असलेला वेबपत्ता तर आणखी महाग. ब्राउझरमधून पत्ता कॉपी केला की प्रत्येक चिन्हाचं टक्का-चिन्हांच्या साखळीत रूपांतर होतं, एका चिन्हाला नऊ अक्षरं. तोच ‘गणेशोत्सव’ पत्त्यात ८१ अक्षरं खातो. कोडासाठी पानाचा आखूड रोमन पत्ता करून घ्या, तोही आपल्याच साइटवर.

जुन्या काही वाचकांना कोडातला मजकूर यूटीएफ-८ आहे हे ओळखता येत नाही, मग मराठीऐवजी चित्रविचित्र लॅटिन चिन्हं दिसतात. मराठी मजकूर घातलाच तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या फोनवर वाचून पाहा.

शाईपट्टी

दुरुस्ती-पातळीचा विषय निघालाच आहे तर: ‘एच लावली, ३० टक्के चालतं, मग मधे बाप्पाचा फोटो मोठा टाका’, हे गणित फसवं आहे. फोटोखाली झाकलेला भाग, सुरकुती, डाग, लॅमिनेशनची चकाकी, सगळं त्याच ३० टक्क्यांत मोडतं. कोपऱ्यांतले तीन मोठे चौकोन तर या दुरुस्तीत येतच नाहीत. तिथे एक पान-सुपारी चिकटली तरी कोड सापडत नाही. मधलं चिन्ह कोडाच्या बाजूच्या पाव भागापेक्षा रुंद नको.

आणि एच फुकट मिळत नाही. ६० बाइटचा दुवा एम पातळीवर ३३ गुणिले ३३ मध्ये बसतो, एचला ४५ गुणिले ४५ लागतो. अडीच सेंटीमीटरच्या जागेत कोरी चौकट धरून ठिपका ०.६१ मिलिमीटरवरून ०.४७ वर येतो. छोट्या पत्रकाला मधलं चिन्ह काढून एम ठेवणं जास्त शहाणपणाचं.

नेवाळी

धाग्याचा सूर डायनॅमिक कोड म्हणजे फसवणूक असा होतोय, तो पटत नाही. पाच हजार पुस्तिका छापल्यावर कार्यक्रमाचं ठिकाण बदललं तर? कुठल्या फलकावरून किती लोक आले हे कळायला नको? पैसे भरून घेतलेली सेवा असेल आणि अटी वाचल्या असतील तर हरकत काय?

खुंटी

सोय खरीच आहे. आक्षेप एवढाच की वळणाचा फलक दुसऱ्याच्या जमिनीवर उभा राहतो. पैसे भरले किंवा कंपनी मोठी आहे म्हणून सेवा कायम राहते असंही नाही. गूगलने फायरबेस डायनॅमिक लिंक्स ही अशा आखूड दुव्यांची सेवा २५ ऑगस्ट २०२५ ला बंद केली. त्या दुव्यांवर छापलेलं सगळं त्या दिवशी निकामी. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, तर दोन माणसांच्या कोड-साइटचं काय सांगावं.

आणि स्वतःचं डोमेन असलं तरी ते जपावं लागतं. २०१५ मध्ये जर्मनीत हाइन्झच्या केचपच्या बाटल्यांवरचा एका स्पर्धेचा कोड स्कॅन केला की अश्लील साइट उघडायला लागली. स्पर्धा संपली, कंपनीने तिचं डोमेन सोडून दिलं, दुसऱ्याने ते घेतलं, आणि बाटल्या मात्र अजून लोकांच्या घरात होत्या.

मधला मार्ग: संस्थेच्या स्वतःच्या साइटवर एक छोटं पान, उदाहरणार्थ मुख्य पत्त्यानंतर तिरकी रेघ आणि ‘२६’. कोडात तो पत्ता. ठिकाण बदललं तर पानावरचा मजकूर किंवा पुढचा दुवा बदला. फलकागणिक मोजायचं तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून वेगळं अक्षर द्या, भेटींचा आकडा साइटच्या नोंदीत मिळतो. डायनॅमिकचे दोन्ही फायदे, मध्यस्थ नाही. डोमेनचं नूतनीकरण मात्र छापील वस्तू वापरात असेपर्यंत चालू ठेवायचं.

नेवाळी

हे मान्य. पण ज्यांच्याकडे साइटच नाही त्यांनी?

खुंटी

त्यांनी सार्वजनिक पानाचा थेट, पूर्ण दुवा साध्या कोडात घालावा. ठिकाणासाठी नकाशाच्या पत्त्यात अक्षांश-रेखांश घातले की ४० च्या आसपास अक्षरांत काम होतं, आखूड करायची गरज नाही.

धुंडाळ्या

साइटच नको असेल तर साधनं हाताशी असतात:

लिबरऑफिसमध्ये ६.४ आवृत्तीपासून क्यूआर बनवायची सोय आहे, इन्सर्ट मेनूत. इंकस्केपमध्ये एक्स्टेन्शन्स, रेंडर, बारकोड या वाटेने मिळतो आणि थेट व्हेक्टर, म्हणजे एसव्हीजीसारखा, येतो, शाईपट्टींना हवा तसा. लिनक्सवर क्यूआरएनकोड ही आज्ञा आहे. तिच्यात दुरुस्ती-पातळी अक्षराने आणि कोरी जागा आकड्यात देता येते. उलगडायला झेडबारआयएमजी. क्रोममध्ये उघड्या पानाचा कोड शेअर मेनूतून निघतो, पण मधे डायनासोर बसवून देतो. पत्रकावर तो नको असेल तर वरची साधनं बरी.

वायफायचा कोड अँड्रॉइड १० पासून फोनच्या सेटिंगमध्येच बनतो. त्यात पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, कुठलंही कुलूप नाही. भिंतीवर लावायचा तर पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क करा. हाताने बनवत असाल तर पासवर्डमधल्या अर्धविराम, स्वल्पविराम, कोलन, अवतरणचिन्ह आणि उलट्या तिरक्या रेघेच्या आधी एक उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. बरीच ऑनलाइन साधनं ती देत नाहीत आणि मग ‘पासवर्ड चुकीचा’ येतं.

रातकिडा

बनवण्याबद्दल बरंच झालं. उलगडणाऱ्या साइटबद्दल कोणीच बोललं नाही, आणि धोका तिथे जास्त आहे. चित्र अपलोड करा, मजकूर वाचून देतो, अशा साइटला पुढील गोष्टी कधीच देऊ नका.

दोन-टप्पी लॉगिन सुरू करताना बँक किंवा ईमेल जो कोड दाखवते, त्यात पुढचे सगळे सहा-आकडी कोड ज्यातून निघतात ती गुप्त किल्ली असते. ती एकदा दुसऱ्याकडे गेली की तोही तुमच्याइतकेच बरोबर आकडे काढू शकतो. चुकून दिली असेल तर त्या खात्यातली नोंदणी काढून नव्याने करा. पासवर्ड बदलून भागत नाही.

आधारवरचा कोड साध्या वाचकात अंकांची लांबलचक रांग म्हणून दिसतो, त्यामुळे लोकांना वाटतं यात काही नाही. त्यात नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो असं सगळं दाबून बसवलेलं आणि आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या सहीचं असतं. सही बनावटगिरी पकडण्यासाठी आहे, माहिती लपवण्यासाठी नाही. ते वाचायला यूआयडीएआयचं स्वतःचं अ‍ॅप आहे.

प्रवासाची, नाटकाची तिकिटंही तशीच. ज्याच्याकडे कोडाची प्रत, तो आधी आत जाऊ शकतो.

व्हॉट्सअ‍ॅप वेबचा कोड उलट दिशेने धोक्याचा. समोरच्याने ‘हा स्कॅन करा, ग्रुपात घेतो’ म्हणून पाठवलेला कोड तुम्ही लिंक्ड डिव्हाइसेसमधून स्कॅन केलात, तर तुमचं खातं त्याच्या संगणकावर उघडतं. शंका आली तर त्याच यादीत जाऊन अनोळखी यंत्र काढून टाका.

पाटीपेन्सिल

म्हणजे स्कॅन केल्याकेल्या फोन हॅक होतो हे खोटं?

रातकिडा

कोड वाचणं म्हणजे मजकूर वाचणं. नुकसान पुढच्या टिचकीत असतं: पान उघडून माहिती भरली, अ‍ॅप बसवलं, पिन टाकला. म्हणून स्कॅनमधून अ‍ॅप बसवायचं नाही, स्टोअरमध्ये नाव शोधायचं. पत्ता वाचताना ‘एचटीटीपीएस’ला लागून असलेल्या दोन तिरक्या रेघा सोडून त्यापुढच्या पहिल्या तिरक्या रेघेआधीचा भाग बघा आणि तो उजवीकडून वाचा. बँकेचं नाव डावीकडे कुठेही घुसवता येतं, मालक उजव्या टोकाला कळतो. कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका, ते चोरालाही मिळतं.

कोडावर कोड चिकटवणं ही जुनीच युक्ती. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोत पार्किंग-मीटरवर असे स्टिकर सापडले. जानेवारी २०२२ मध्ये एफबीआयने छेडछाड केलेल्या कोडांबद्दल इशारा दिला. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत दुकानांबाहेरचे कोड रातोरात बदलल्याच्या बातम्या आल्या. दुकानदारांनी सकाळी शटर उघडलं की एक रुपया स्वतः पाठवून बँकेच्या नोंदीतलं नाव बघावं. स्पीकरवर रक्कम आली नाही तर थांबावं.

आणि पैसे मिळवायला ना स्कॅन लागतो, ना पिन. जुनं फर्निचर विकताना ‘हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील’ असं आलं की बोलणं तिथेच संपवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, बँकेलाही त्याच तासात. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता त्या पहिल्या तासांतच असते.

जमाखर्च

वर्गणीच्या बाबतीत मंडपातल्या फलकावरच्या कोडावरून रोज सकाळी बोट फिरवा, स्टिकरची कड लागते. कोड ॲक्रिलिकच्या आत, मागून लावलेला बरा. आणि दोन दिवसांनी एकदा दोन फोनवर तपासा.

टिपूर

वाचनखूण म्हणून नोंद. एक राहिलं: भगव्या रंगात कोड चालेल का? कार्यकर्ते ऐकत नाहीत.

शाईपट्टी

पांढऱ्यावर फिका भगवा नाही चालणार. फोन रंग नाही, उजेड-अंधार बघतो. करड्या रंगात केला की भगवा पांढऱ्याच्या जवळ जातो. गडद लालसर, तपकिरीकडे झुकणारा बहुधा निघेल. आपला मसुदा फोनमध्ये कृष्णधवल करून बघा, ठिपके ठळक दिसले तर छापा. भगव्या पार्श्वभूमीवर काळा कोड चालतो, पण कोरी जागाही तेवढ्याच एकसारख्या भगव्याची हवी. काळ्यावर पांढरा नको; काही वाचक उलटा कोड घेतच नाहीत. लॅमिनेशन मॅट घ्या.

छपाईला हिरवा कंदील द्यायच्या आधी प्रेसकडून त्याच कागदावरचा, त्याच मापाचा नमुना मागा आणि तो मंडपातल्या ट्यूबलाइटखाली स्कॅन करा. पडद्यावरची पीडीएफ स्कॅन करून ‘चालतोय’ म्हणण्यात अर्थ नाही.

टिपूर

आणि उत्सव संपल्यावर कोडाचं काय करायचं?

जमाखर्च

कोड मागे घेता येत नाही, पत्रकं घराघरांत राहतात. आयडी बंद केला तर जुन्या कोडावरचा व्यवहार अडतो, पैसे कुठे जात नाहीत. पण आयडी खजिनदाराच्या खासगी मोबाइलवरचा असेल तर खजिनदार बदलल्यावरही वर्गणी जुन्याच्याच खात्यात येत राहते आणि पुढची सभा त्यावरच गाजते. खातं संस्थेच्या नावाचं, मोबाइल क्रमांक संस्थेचा, आणि कोडाखाली वर्ष छापलेलं असू द्या.